काहीच होत नाही, मग गोळी कशाला?

कंपनीच्या वार्षिक तपासणीत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी किंवा गावच्या आरोग्य शिबिरात कुणीतरी दंडाला पट्टा बांधतं आणि म्हणतं, "काका, बीपी जास्त आहे तुमचं." काकांचा विश्वास बसत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, दोन मजले न थांबता चढतात, जेवण व्यवस्थित जातं. डॉक्टर गोळी लिहून देतात तेव्हा ते विचारतात, "पण मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला?" आणि लगेच त्यामागे दुसरा प्रश्न येतो, "एकदा सुरू केली की आयुष्यभर घ्यावी लागते ना?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दुखलं की औषध घ्यायचं आणि थांबलं की बंद करायचं, याच हिशेबावर आपण लहानाचे मोठे झालो. बीपी या हिशेबात बसत नाही. ते वाढलेलं कळत नाही आणि उतरलेलंही कळत नाही. त्यामुळे इथे स्वतःला कसं वाटतंय ते बाजूला ठेवून आकड्याचं ऐकावं लागतं. आकडा मात्र खरा हवा, आणि खरा आकडा बऱ्याचदा दवाखान्यापेक्षा घरीच सापडतो. डॉक्टरांच्या खुर्चीसमोर पेशंट वर्षातून फार तर तासभर बसतो. उरलेलं वर्ष तो स्वयंपाकघर, ऑफिस, एसटी, लग्नाच्या पंगती आणि स्वतःची झोप यांच्यातच असतो. बीपी आटोक्यात येतं किंवा येत नाही ते तिथेच.

देशातल्या पंधरा वर्षांवरच्या लोकांत २४ टक्के पुरुषांना आणि २१ टक्के स्त्रियांना वाढलेलं बीपी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. थोडक्यात, प्रत्येक बिल्डिंगमध्ये, प्रत्येक वाडीत हा विषय आहे.

१. वरचं आणि खालचं

बागेत पाणी घालताना रबरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की नळी हाताला टणक लागते. नळाचा जोर वाढवला तरीही टणक लागते. म्हणजे दाब दोन गोष्टींनी ठरतो: मागून किती जोरात ढकललं जातंय आणि पुढची वाट किती अरुंद आहे. शरीरात ढकलण्याचं काम हृदय करतं आणि वाट अरुंद-रुंद करतात त्या बारीक रक्तवाहिन्या. हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा दाब म्हणजे वरचं बीपी. दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडतं तेव्हाचा दाब म्हणजे खालचं. १२०/८० लिहिलं असेल तर पारा काचेच्या नळीत १२० आणि ८० मिलिमीटर चढेल एवढा दाब. आता बहुतेक मशीनमध्ये पारा राहिला नाही, पण एकक तेच राहिलं.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर ते वाढलेलं समजतात. घरच्या सरासरीसाठी ही रेषा थोडी खाली, १३५/८५ वर आहे, कारण घरी माणूस निवांत असतो. दोनपैकी एकच आकडा रेषेच्या वर गेला तरी तो धरायचा. वय झाल्यावर पुष्कळांचं फक्त वरचं वाढतं. "खालचं बरोबर आहे ना, मग झालं," असं म्हणून ते सोडून देणं महागात पडतं.

मग दुखत का नाही? दाब सोसता सोसता रक्तवाहिन्यांची भिंत जाड आणि ताठ होत जाते, आणि हे इतकं सावकाश होतं की जाणीव व्हायला काही कारणच मिळत नाही. हृदयाचा स्नायू जाड होतो, मूत्रपिंडातल्या गाळण्या झिजतात, डोळ्यांच्या पडद्यामागच्या वाहिन्या बिघडतात, मेंदूतली एखादी वाहिनी तुंबते किंवा फुटते. चाळीस ते सत्तर या वयात वरचं बीपी २० ने वाढलं की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. दहा लाखांच्या आसपास लोकांच्या नोंदी एकत्र करून २००२ मध्ये हे मांडलं गेलं. यातली दिलासा देणारी बाजू अशी, की बीपी थोडं जरी उतरवलं तरी त्याचा फायदा मिळतो.

२. आधी नीट मोजा

समजा, काका भाजी घेऊन तीन जिने चढून आले, दिवाणावर पाय लोंबकळत ठेवून बसले, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा फुगत असतानाच मुलीचा फोन आला. "हां, बोल गं." मशीन म्हणालं १५८/९६. घरात धावपळ सुरू झाली. तेच काका लघवीला जाऊन आले, पाठीला टेका घेऊन खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसले आणि हात टेबलावर ठेवून पुन्हा मोजलं, तर १३८/८४ येऊ शकतं. मशीन दोन्ही वेळा बरोबरच होतं. पहिल्या वेळी त्याने जिने, बाही आणि फोन हे सगळं मिळून मोजलं.

मोजताना बोललं तर वरचा आकडा दहाएक अंकांनी वर जाऊ शकतो, आणि लघवी तुंबलेली असली तरी तितकाच. पायावर पाय टाकला तर दोन ते आठ. हात कुठे ठेवलाय यानेही फरक पडतो. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये हेच तपासलं. हात टेबलावर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तर वरचं बीपी सुमारे चारने जास्त आलं, आणि बाजूला लोंबकळत सोडला तर साडेसहाने. आपल्याकडच्या कित्येक दवाखान्यांत पेशंटचा हात कुठे असतो ते आठवून पाहा.

तर रीत अशी. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम काही नको. पाठीला टेका असलेली खुर्ची, दोन्ही तळवे जमिनीवर, उघड्या दंडावर पट्टा, दंड हृदयाच्या पातळीला, पाच मिनिटं शांतता. मग मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. मनगटावरचं मशीन दिसायला सुटसुटीत, पण हात थोडा वरखाली झाला की ते चुकतं, म्हणून दंडावर बांधायचंच घ्या. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. आखूड पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजायचं आणि ज्या हाताला जास्त येतं तो हात पुढे कायमचा धरायचा. नवं मशीन एकदा डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून घ्यावं.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीआधीचा एक आठवडा यासाठी राखून ठेवा. रोज सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, रात्री जेवणाआधी दोनदा मोजून आकडे एका वहीत लिहा. पहिला दिवस मोजदादीतून वगळायचा, कारण त्या दिवशी मन मशीनकडेच लागलेलं असतं. उरतात सहा दिवसांचे २४ आकडे. समजा, वरच्या आकड्यांची बेरीज आली ३,२८८. तिला २४ ने भागलं की १३७. खालच्यांची आली २,०१६, भागल्यावर ८४. म्हणजे घरची सरासरी १३७/८४, रेषेच्या जरा वर. मधल्या एका संध्याकाळी १५२ आलं होतं म्हणून घाबरायचं कारण नाही आणि एका सकाळी १२४ आलं म्हणून पेढे वाटायचंही कारण नाही.

या वहीमुळे आणखी एक गोष्ट उघड होते. काहींचं बीपी पांढरा कोट दिसला की चढतं आणि घरी ठीक असतं. काहींचं बरोबर उलटं होतं: दवाखान्यात छान, पण घरी आणि कामावर वाढलेलं. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आठवडा झाला की मशीन कपाटात ठेवून द्या. दिवसातून दहादा मोजणारी माणसं घरोघरी आहेत. आकडा वाढला की काळजी वाढते आणि काळजीने पुढचा आकडा वाढतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर बीपी आटोक्यात असताना अधूनमधून मोजणं पुरतं.

३. मिठाचा हिशेब

मीठ जास्त गेलं की शरीर ते सौम्य करायला पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, मूत्रपिंडांना जादा मीठ बाहेर टाकायला जास्त दाब लागतो आणि बीपी वर सरकतं. सगळ्यांमध्ये हे सारखं होत नाही. वय वाढलेल्यांत आणि मूत्रपिंड दुबळं असणाऱ्यांत जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे चहाचा सपाट एक चमचाही नाही. आपण याच्या दीडपट ते दुप्पट खातो.

"आमच्याकडे मीठ कमीच असतं," असं प्रत्येक घर म्हणतं. ते तपासायचा एक सोपा मार्ग आहे. मिठाची एक किलोची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. घरात चार मोठी माणसं असतील तर प्रत्येकी पाच ग्रॅम, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. १,००० भागिले २०, पिशवी ५० दिवस पुरायला हवी. ती पंचवीस दिवसांत संपली तर माणशी रोजचे दहा ग्रॅम झाले. भांडी घासायला वापरलेलं, भात-भाजीच्या पाण्याबरोबर ओतून दिलेलं वजा करा. बाहेरून आलेली खारी, फरसाण, पाव, वेफर मात्र यात धरलेलेच नाहीत, ते वर मोजायचे.

हे मीठ कुठून येतं? मराठी ताटाची डावी बाजू बघा. आधी चिमूटभर मीठ, मग लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर, वर पापड किंवा कुरडई. वाढण्याची पद्धत देखणी आहे, पण बीपीच्या दृष्टीने सगळा ऐवज तिथेच मांडलेला असतो. लोणचं मिठावरच टिकतं. पापडात मीठ असतं आणि त्याशिवाय पापडखार, ज्यात सोडियम असतंच. मिठातला त्रास देणारा भाग हेच सोडियम. ते खाण्याच्या सोड्यातही असतं, म्हणून ढोकळा आणि केक चवीला खारट नसले तरी त्यांचा हिशेब ठेवावा. कोकणात सुकट आणि सुके बोंबील. शहरात नूडल्सची मसाल्याची पुडी, सॉस, चीज, टोस्ट. अ‍ॅसिडिटीसाठी पाण्यात टाकल्यावर फसफसणारी पावडर घेतात, तीही सोडियमचीच.

पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. समजा, फरसाणच्या १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. ८०० गुणिले अडीच, म्हणजे २,००० मिलिग्रॅम, दोन ग्रॅम मीठ. टीव्हीसमोर बसून ५० ग्रॅमची वाटी संपवली की दिवसभराच्या मिठाचा पाचवा हिस्सा तिथेच खर्च झाला.

शेंदेलोणाबद्दल गैरसमज फार आहे. उपासाला चालतं म्हणून ते बीपीलाही चालतं, असं नाही. ते जमिनीतून खणून काढलेलं मीठच आहे, त्यातही बहुतांश सोडियम क्लोराइडच असतं. गुलाबी रंगाने त्यात फरक पडत नाही. वर त्यात आयोडीन घातलेलं नसतं.

मीठ कमी करताना बहुतेक घरं एकच चूक करतात: पेशंटसाठी वेगळी अळणी भाजी. आठ दिवस ती होते. नवव्या दिवशी करणारी कंटाळते, खाणाराही कंटाळतो आणि चटणीचा डबा पुन्हा पुढे सरकतो. त्यापेक्षा सगळ्या घराचंच मीठ हळूहळू उतरवावं. रोजच्या चमच्यातून पाव भाग कमी, दोन-तीन आठवड्यांनी आणखी थोडा कमी. जिभेला काही आठवड्यांत सवय होते आणि मग बाहेरची मिसळ खारट लागायला लागते. पहिली कात्री भात आणि पोळीच्या कणकेतल्या मिठाला लावा. वरण-भाजीबरोबर खाताना ते गेल्याचं कळतही नाही. ताकातलं मीठ काढून जिरेपूड आणि कोथिंबीर ठेवा. आमसूल, लिंबू, चिंच, लसूण, मिरी, ओलं खोबरं ही मंडळी मिठाची उणीव झाकतात. मीठदाणी टेबलावरून उचलावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे बीपी सासऱ्यांना असतं आणि मीठ सुनेच्या हातात असतं. डॉक्टर सल्ला देतात सासऱ्यांना. घरी आल्यावर तो पोचतो "डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय गं" एवढ्यापुरता आणि पहिल्याच घासाला "आज चव नाही भाजीला" असा शेराही तेच मारतात. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला दवाखान्यात बरोबर न्यावं, आणि शेरा मारणाऱ्याने निदान महिनाभर गप्प बसावं.

मिठाच्या विरुद्ध बाजूला पोटॅशियम आहे. ते शरीराला सोडियम बाहेर टाकायला मदत करतं. केळं, शहाळं, रताळं, पालक, मूग, मटकी, राजमा, टोमॅटो यांत ते भरपूर असतं. अमेरिकेत १९९७ मध्ये झालेल्या डॅश नावाच्या प्रयोगात फळं, भाज्या आणि कमी चरबीचे दुधाचे पदार्थ वाढवल्यावर बीपी वाढलेल्यांचं वरचं सरासरी ११ अंकांनी उतरलं, आणि तेही मीठ न घटवता. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०२१ मध्ये आला. नेहमीच्या मिठातलं पाव भाग सोडियम क्लोराइड काढून पोटॅशियम क्लोराइड घातलं, तेव्हा पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडेही दुकानात 'लो सोडियम' मीठ मिळतं ते याच जातीचं. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल, तर हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मूत्रपिंड दुबळं असणाऱ्याने रोजच्या शहाळ्याबद्दलही विचारावं.

४. पाय, वजन, मिश्री, झोप

आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास. भरभर म्हणजे बरोबरच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत. "मी दिवसभर घरात फिरतच असते" यात ते येत नाही. घरकाम थकवतं खरं, पण हृदयाला सलग अर्धा तास कामाला लावत नाही. नियमित चालण्याने वरचं बीपी पाच ते आठ अंकांनी उतरू शकतं. वजन जास्त असेल तर उतरलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण एक अंक. प्राणायाम जोडीला उत्तम, गोळीऐवजी नाही. आणि बीपी आटोक्यात नसताना शीर्षासन आणि दीर्घ कुंभक टाळावेत.

तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट, असं समजू नका. तंबाखू-चुना आणि गुटखा तर आहेच, पण आपल्याकडे बायका सकाळी दात घासताना मिश्री लावतात आणि दवाखान्यात "काही व्यसन?" या प्रश्नाला "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री व्यसनात येतच नाही. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. त्यातलं निकोटिन प्रत्येक वेळी बीपी आणि नाडी वाढवतं. दारूचं "दोन पेग हृदयाला बरे" हे विसरून जावं. जितकी कमी तितकं बीपी खाली.

जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून जागं होणं आणि दिवसा बसल्या जागी डुलक्या, ही तिन्ही लक्षणं एका माणसात असतील तर ते डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याच्या या विकाराने बीपी गोळ्यांनाही दाद देत नाही.

५. गोळी

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी असूनही देण्यासारखं फारसं काही नव्हतं: मीठ कमी, सिगारेटी कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस. १२ एप्रिल १९४५ रोजी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय म्हणत ते कोसळले. त्या वेळी बीपी ३००/१९० मोजलं गेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने बीपी उतरत असल्याचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. आपल्या वैद्यांना आणि संशोधकांना ही मुळी आधीपासून ठाऊक होती, पण पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष त्या लेखाने वेधलं. पुढे तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि बीपीच्या गोळ्यांचं युग सुरू व्हायला मोठा हात लागला. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिनने काही जणांत औदासीन्य येतं, म्हणून आज ते मागे पडलंय. सर्पगंधेची पूड कुठूनतरी आणून मनाने घेऊ नये, हेही त्यातच आलं. रूझवेल्टना जे मिळालं नाही ते आज आपल्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये चणे-फुटाण्याच्या भावात आहे.

सध्याच्या गोळ्यांत तीन गट नेहमीचे. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन त्या आवळणारा शरीरातला संदेश अडवतात. क्लोरथॅलिडोनसारख्या गोळ्या लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतात. एका गटाने पुरलं नाही तर दुसऱ्यातली जोडतात. दोन गोळ्या लागल्या म्हणजे आजार बळावला, असा अर्थ नाही. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते. रामिप्रिल, एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो आणि पेशंट महिनोन् महिने खोकल्याची सिरप पीत बसतो. अशा वेळी गोळी फेकून न देता डॉक्टरांना सांगा. बदलून देता येते. दिवस राहावेत असं वाटणाऱ्या किंवा राहिलेल्या स्त्रीने मात्र लगेच सांगायचं, कारण टेल्मिसार्टन आणि रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्या पोटातल्या बाळाला अपायकारक असतात.

"बीपी नॉर्मल आलं, आता गोळी बंद केली" हे वाक्य डॉक्टर दर आठवड्याला ऐकतात. नॉर्मल आलं ते गोळीमुळे. बंद केली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते पुन्हा आपल्या जागी जातं आणि जाताना सांगतही नाही. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन यांसारख्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी मारून वर जातं. मग आयुष्यभरच का? बहुतेकांना हो. पण वजन उतरलं, मीठ उतरलं, चालणं जमलं आणि घरच्या वहीतले आकडे सातत्याने खाली राहिले तर डोस कमी होतो, क्वचित गोळी थांबतेही. ते ठरवायचं वही बघून आणि डॉक्टरांबरोबर.

रोज आठवणीने घेण्यासाठी गोळी एखाद्या पक्क्या सवयीला बांधावी, सकाळच्या दात घासण्याला किंवा पहिल्या चहाला. सात कप्प्यांची डबी थोडक्या पैशांत मिळते आणि "आज घेतली का?" हा वाद मिटवते. विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. एकादशी असो की संकष्टी, गोळीने उपास मोडत नाही. शेजारच्या वहिनींना लागू पडली म्हणून त्यांची गोळी घेऊ नका. पैशाची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. सरकारच्या बीपी नियंत्रण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. सगळ्यांना एकाच ठरलेल्या पद्धतीने मोजक्या गोळ्या आणि एका वेळी महिन्याभराचा साठा, असं त्याचं साधं सूत्र. दर आठवड्याला मजुरी बुडवून रांगेत उभं राहावं लागलं की माणूस गोळी सोडतो, हे त्या कार्यक्रमाने ओळखलं.

गोळीचं काम उधळणाऱ्या गोष्टीही आहेत. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेलं डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन बीपी वाढवतं आणि मूत्रपिंडालाही जाचतं. सर्दीत नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड हेही त्यातलेच. आणि एक अनपेक्षित नाव: ज्येष्ठमध. घसा बसला की आपण ते चघळतो. अधूनमधून ठीक, पण रोज काढा करून प्यायलं तर ते शरीरात मीठ अडवून ठेवतं, पोटॅशियम घालवतं आणि बीपी चढवतं.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या की उलटं करायचं. मीठ आहे म्हणून जलसंजीवनी टाळू नका, प्या; आणि त्या दिवसांपुरत्या बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. शरीर कोरडं पडलेलं असताना लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन यांनी मूत्रपिंडावर ताण येतो. वयस्कर माणसाने रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावं. गोळीने उभं राहताना बीपी घसरतं आणि मांडीचं हाड मोडण्याचे कितीतरी प्रकार पहाटे बाथरूमच्या वाटेवर घडतात.

६. कधी पळायचं

मशीनने १८०/१२० किंवा जास्त दाखवलं, पण बाकी काही त्रास नाही: पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. बऱ्याच वेळा दोन-चार दिवस गोळी चुकलेली असते. घाबरून दोन-तीन गोळ्या एकदम घेऊ नका. पूर्वी जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायचे. ते करू नका, कारण बीपी धाडकन पडलं तर मेंदूचा आणि हृदयाचा रक्तपुरवठाच तुटू शकतो.

छातीत दुखणं, दम लागणं, अचानक अंधुक दिसणं, असंबद्ध बोलणं, फिट येणं यांपैकी काही बरोबर असेल तर पुन्हा मोजत बसू नका, १०८ ला फोन करा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर केल्यावर खाली घसरतो, जीभ जड झाली, तर मशीन काय दाखवतं हे बघूच नका. पक्षाघातात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन होऊन रक्तस्राव नाही हे ठरावं लागतं. म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे बीपीचा पेशंट असलेल्या घराने आजच विचारून ठेवावं. तोंडात पाणी, चहा, गोळी काही घालू नका; गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाईल. निघताना गोळ्यांची पाकिटं आणि बीपीची वही पिशवीत टाका. तिथे पोचल्यावर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील तो वेळेचा: "शेवटचे ठणठणीत कधी होते?" "सकाळपासून बरं नव्हतं" यावर इंजेक्शनचा निर्णय घेता येत नाही, "सव्वासातला चहा घेतला तेव्हा ठीक होते" यावर घेता येतो.